आता दुसरी बाजू

सर,

तुमच्या आवाजाला भोक पडलं आहे. फाइल लावली की भाषण ऐन रंगात येतं, तुम्ही म्हणता, "ज्यानं चोरलं त्याले मारा, मी आडवा येत नाही. पण हात उचलायच्या आंधी त्याले एकच गोष्ट इचारा..." आणि तुम्ही नाहीसे होता. खरखर नाही, खोकला नाही. अर्धा मिनिट काहीच नाही, मग एकदम टाळ्यांचा कडकडाट. ती एक गोष्ट कोणती, हे आता कुठल्याच यंत्रावर नाही. ज्या एका यंत्रावर होती, ते मी फोडलं. म्हणजे गज माझ्या हातात नव्हता, पोलिसांच्या कागदावर माझं नाव नाही. पण माझ्यासारख्या माणसाला गज उचलावा लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. हा गळा तुम्हीच घडवलात.

तुमचं अकोल्याचं स्वयंपाकघर आठवतं. काकू शाळेत गेलेल्या, तुम्ही भरतासाठी वांगी भाजता आहात आणि मी दारात उभा राहून वादविवाद स्पर्धेचं भाषण घुमवतो आहे. शेवटचं वाक्य फेकून मी दाद मागत तुमच्याकडे बघतो. तुम्ही वांगं फिरवता. "झालं? आता दुसरी बाजू बोल." मी म्हणतो, ती बाजू मला पटत नाही, मी खोटं बोलणार नाही. तुम्ही उठता आणि तशाच काळ्या हाताने अशी ठेवून देता की कानात शिट्टी वाजते. "पटव म्हणलं का तुले मी? आइक म्हणलं! सोताच्या तोंडून दुसऱ्याचं आइकता येत नाही, अन् निघाला सभा जिंकाले." गालावरची काजळी मी घरी जाईपर्यंत पुसली नाही, पदक असल्यासारखी मिरवली. दुसरी बाजू मात्र बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पुढे अमरावतीला आमच्या कॉलेजात तुमचं ते भाषण झालं. विषय होता, दुसऱ्याची विद्या न विचारता घेणारा चोर का. पहिला पाऊण तास तुम्ही त्या चोराला उभा फाडलात. मुलं बाकांवर चढली. मग तुम्ही पाणी प्यायलात, म्हणालात, "आता दुसरी बाजू," आणि स्वतःच्याच भाषणावर तुटून पडलात. कॅसेट कंपनीने पहिली बाजूच विकली, उलट्या बाजूला भजनं भरली. दोन्ही भाषणांची पूर्ण टेप राहिली ती एकट्या माइकवाल्याकडे, तुमच्या शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे. बंद पडलेला कुठलाही रेडिओ बोलता करतो म्हणून तुम्ही त्याला उस्ताद म्हणायचात.

तुम्ही गेलात. उस्तादने अकोल्यात मोबाईलचं दुकान टाकलं, ती टेप संगणकात घेतली आणि मागेल त्याच्या मेमरी कार्डात फुकट भरून देऊ लागला. शिवाय फाइल वाटायच्या एका सॉफ्टवेअरवर ठेवली. त्यात फाइल एका जागी बसून राहत नाही. ज्याच्याकडे तिचे जितके तुकडे, तितके तो पुढच्याला देतो. धारणीचा शिक्षक तुम्हाला ऐकत होता, आखातातला वेल्डर ऐकत होता, आणि मला दिसली ती चोरी. मी तुमच्या स्मृती समितीचा अध्यक्ष! वकील म्हणाले, शब्दांवर हक्क सरांच्या वारसांचा, कॅसेटवर कंपनीचा. कंपनीची सही आणली, काकूंची घेतली, माझी ठोकली आणि सर्च इंजिनकडे तक्रार धाडली. लेखकाचा हक्क मला तेव्हा पवित्र वाटत होता, आजही वाटतो. पण आमची तक्रार पोचली आणि थोड्याच दिवसांत तुमचं भाषण शोधणाऱ्याला एक ओळ तेवढी दिसू लागली: कायदेशीर तक्रारीवरून काही निकाल काढले आहेत. उस्तादला कोणी काही विचारलं नाही. मालकाचा दावा आला की आधी दुवा काढायचा, नाहीतर गुन्ह्यात आपणही भागीदार ठरू, ही सर्च इंजिनवाल्यांची भीती. एकाच बाजूचा निकाल. मला तो फार आवडला.

तेवढ्यावर माझं भागलं नाही. चौकात सभा घेतली. गरजलो, "आपल्या गुरूचा आवाज चोरणारा हात या गावात शाबूत कसा राहतो, तेच बघायचं आहे!" गर्दी उठली ती थेट दुकानावर. काचा फुटल्या, शटर वाकलं, संगणक रस्त्यावर आपटून पायांखाली चेचला. उस्ताद त्याच्यावर आडवा पडला, तेव्हा गज त्याच्या उजव्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलेला नाही. मी मंचावर पाणी पीत होतो. पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही काय म्हणायचात, ते मला आठवलं नाही.

यंदा समितीने पूर्ण भाषणाचं पुस्तक काढायचं ठरवलं. कंपनीकडे दुसऱ्या बाजूची टेपच नव्हती. गेलो उस्तादकडे.

"या, अध्यक्षसायब. फोडाले काही उरलं नाही, चहाच घ्या."

मी दुसऱ्या बाजूचं विचारलं.

"टेप झिजून गेली. बाकी सारं त्या डब्ब्यात होतं."

"लोकांकडे तुकडे असतील ना?"

"मंग शोधा ना! शोधाचं दार तुमीच बंद केलं, अन् आता तुमीच कडी वाजवून राहिले?" तो हसला. मग डाव्या हाताने ते सॉफ्टवेअर उघडलं. "दुकान फुटलं अन् लोक भेले, भाऊ. सारेयनं फाइली पुसल्या, मेमरी कार्डंबी पुसली. चार-पाच जण उरले, त्यायच्याकडून गोळा करून राहिलो. एक तुकडा कोणापाशीच नाही. पुरी फाइल राहिली असती ते माह्याच एकट्यापाशी, अन् तो डब्बा फुटला." पडद्यावरची पट्टी शेवटाला येऊन अडली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात हलवला. "ते राहू द्या. तुमी पयल्या रांगेत होते ना त्या दिवशी? माहं सारं ध्यान मशीनवर. सांगा, सर काय म्हणले होते? काय इचारा म्हणले चोराले?"

मी म्हणालो, "सर म्हणाले होते, त्याले इचारा, हे तू कोणासाठी घेतलं?"

उस्तादने कीबोर्ड जवळ ओढला. "सरच बोलू शकतात असं," तो म्हणाला. "मले इचारलं असतं, तर मी सांगतलं असतं." मग डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याने ते वाक्य पुस्तकासाठी उतरवून घेतलेल्या भाषणातल्या रिकाम्या जागेत टाइप केलं.

पुस्तक छापखान्यात आहे. हे पत्र द्यायचं तर त्यालाच द्यायला हवं; खिशात घेऊन मी दोनदा त्याच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या दिवशी तुम्ही "आता दुसरी बाजू" म्हणालात, तेव्हा मी संतापून उठलो आणि बाहेर जाऊन चहा पीत बसलो. टाळ्या पडल्या तेव्हाच आत आलो. ते वाक्य माझं आहे, सर, आणि ते तुमच्या नावावर छापून येतं आहे.