एकवीस टनांची टाळी

ओस्टरवीर, ११ मार्च

तीर्थरूप गोस्से काकांना रींकचा नमस्कार, आणि येल्त्ये काकूंना त्याहून जरा जास्त, कारण हे पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला आवरायचं काम त्यांच्याच गळ्यात पडणार आहे. गुडघा कसा आहे? झीलंडच्या समुद्राची हवा तुम्हाला मानवली, असं तुमच्या लेकीनं फोनवर सांगितलं. तुम्ही रोज सकाळी काठी टेकत बंधाऱ्यावर जाता आणि तिथल्या मशीनवाल्यांना त्यांच्या चेनी ढिल्या आहेत म्हणून सुनावता, असंही सांगितलं. बसा हो जरा घरात, हिवाळा सरेपर्यंत तरी. इकडे तुमचं घर, पत्रपेटी, शेजारणीची मांजर, सगळं जागच्या जागी आहे. (कुरणाबद्दल पुढे येईलच.)

काका, आनंदाची बातमी आधी सांगतो, मग बाकीची. तुमच्या पुतण्याचा शब्द शेवटचा ठरला! एकोणीस वर्षं तुमच्यामागे टॉर्च धरून मी जुन्या पोकलेनच्या पोटाखाली रांगलो. चिखल मी खाल्ला, वंगण माझ्या कॉलरीत गळलं, आणि बाहेर येऊन हात पुसत किंमत मात्र तुम्ही सांगायचात. (तक्रार नाही, नुसती आठवण.) गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच दोन्ही पक्षांनी सही करून दिली की रींक जी योग्य किंमत ठरवील ती आम्हांला मान्य, वर अपील नाही. तो कागद मी घरी येऊन तुमच्या सूनबाईला, निन्केला, दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती भांडी घासायला उठून गेली, पण पहिल्या वेळी तिनं पुरतं ऐकलं होतं.

पक्ष म्हणजे टोल्स्मांची दोन पोरं. बाप तुम्हाला माहीत आहे, आधी गुरांचा व्यापारी, मग शेतकऱ्यांचे चर साफ करून देणारा. तो दोन वर्षांपूर्वी गेला आणि मागे एक एकवीस टनी पोकलेन, थोरला हेस्सेल, धाकटा वित्से आणि त्यांची आई त्रिनबाई एवढं ठेवून गेला. ऑक्टोबरात भावांचं बिनसलं. कारण काय, तर ग्रीसगन वापरून झाल्यावर खुंटीला टांगायची की केबिनमध्येच ठेवायची! तेव्हापासून बोलणं बंद. सोमवार ते बुधवार मशीन वित्सेची, गुरुवार ते शनिवार हेस्सेलची. शेवटी ठरलं असं की मशीन हेस्सेलनं ठेवायची आणि अर्धी किंमत वित्सेला द्यायची. म्हणजे हेस्सेलला किंमत हवी पाताळात, वित्सेला हवी आभाळात, आणि मधे मी नसतो तर दोघंही वकील गाठणार होते. मी पोचलो तेव्हा त्रिनबाईंनी मला दारातच गाठलं. दर रविवारी बारा वाजता त्या हेस्सेलला जेवायला वाढतात, तो गेला की दोन वाजता वित्से येतो, पुन्हा सगळा स्वयंपाक, कारण शिळं त्याला चालत नाही. बाई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या मला म्हणाल्या, "रींक, किंमत काय ती तू लाव. मला फक्त रविवारी एकदाच बटाटे सोलायचेत."

आता मशीनकडे येतो, आणि काका, इथे जरा खुर्चीत नीट सावरून बसा. आजवर आपण पाहिलेल्या सगळ्या विकणाऱ्यांनी दोष झाकले. इथे एकाच मशीनवर एक भाऊ दोष झाकत होता आणि दुसरा दोष रंगवत होता! बुधवारपर्यंत वित्सेनं तिला धुऊन, पुसून, डावीकडून पिवळाधमक रंग दिला. उजवीकडे वळेपर्यंत रंगही संपला आणि बुधवारही. गुरुवारी हेस्सेलनं उजव्या अंगाला ओंजळीओंजळीनं चिखल फासला, चेन ताणणाऱ्या टेन्शनरमधलं ग्रीस सोडून ती लोंबती केली आणि गळती वाटावी म्हणून बूमच्या पिनेखाली जुनं तेल ओतून ठेवलं. मी डावीकडून पाहिलं तर नवरी, उजवीकडून पाहिलं तर नवरीची सासू. मी दोन्ही बाजूंनी तीन फेऱ्या मारल्या आणि मला हसू आवरेना, पण दोघं दोन टोकांना उभे राहून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, म्हणून मी खोकल्यासारखं केलं.

पण तुमचा चेला रंगाला भुलत नाही आणि चिखलालाही भीत नाही. निम्मी किंमत पोटाखालच्या लोखंडात असते, हे तुम्ही मला मारून मारून शिकवलंय. मी सरळ खाली शिरलो. चार पिनांमधलं अंतर दोन्ही चेनींवर मोजलं, केसाचाही फरक नाही. म्हणजे ढिली दिसणारी चेन झिजलेली नव्हती, सोडलेली होती. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे दात अजून बोथट आहेत, झिजून टोकदार झालेले नाहीत. खालचा एक रोलर गळतो, तो हिशेबात धरला. बकेटच्या पिना सैल हलतात, तेही धरलं. बकेट जमिनीला टेकवून तिला जरा उचललं आणि फिरत्या चकतीखाली गेज लावलं, तर काटा हलला न हलला, म्हणजे चकतीही घट्ट. मीटरवर नऊ हजार तास. पायाखालच्या पेडलचं रबर तितकंच झिजलेलं, म्हणजे मीटरही खोटं बोलत नाही. मग इंजिन तापवलं, तेलाचं झाकण काढून उलटं भोकावर ठेवलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. आपल्याकडे येणाऱ्या मशीनींवर झिजलेल्या इंजिनाच्या आतल्या दाबानं ते झाकण टपटप नाचतं, कधी कधी उडून पडतं. इथे ते चर्चमधल्या म्हाताऱ्यांसारखं गप्प बसलं. काका, नऊ हजार तास! मी ते झाकण पाच मिनिटं बघत होतो. हेस्सेलनं येऊन विचारलं की काही वाईट आहे का, त्याच्या आवाजात आशा होती. मी म्हटलं, बघतोय.

हिशेब करून मी आकडा चिठ्ठीवर लिहिला, एकतीस हजार पाचशे, आणि चिठ्ठी खिशात टाकली. इथपर्यंत सगळं तुमच्या शिकवणीप्रमाणे झालं, हे काकूंनाही सांगा. चिठ्ठी काढून वाचली असती तर मी अकरा वाजता घरी असतो. पण वित्सेनं मोडता घातला. म्हणाला, बापानं आयुष्यात कागदावरून काही विकलं नाही, ही मशीनसुद्धा त्यानं टाळीवर घेतली, तर आधी टाळीवर होऊ दे, नाहीच जमलं तर रींकचा कागद आहेच. हेस्सेलनं मान हलवली. (दोघांचं ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा काही पटलं, तेही माझ्यामार्फत.) अडचण एवढीच की एकमेकांच्या हाताला हात लावायची दोघांचीही तयारी नव्हती. म्हणून मधे मी उभा राहिलो. माझा उजवा हात पुढे, एकानं येऊन आकडा बोलत त्यावर टाळी हाणायची, मग दुसऱ्यानं आपला आकडा बोलत हाणायची. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा जन्म गुरांच्या बाजारात गेला, आकडा पटेपर्यंत टाळ्या झडतात आणि ज्या आकड्याला हात सुटले नाहीत तिथे सौदा झाला.

हेस्सेल चोवीस हजारांवर सुरू झाला, वित्से बेचाळीसवर. चोवीस, फाट! बेचाळीस, फाट! दोघांचे हात फावड्यासारखे, आणि भावाचा सगळा राग माझ्या तळव्यावर. सव्वीसला तळवा लाल झाला, अडतीसला बधिर झाला, आणि खरं सांगतो, मला चढायला लागलं. हेस्सेल तिसावर येऊन थांबला, वित्से तेहेतीसवर. पुढे कुणी हलेना. वित्सेचा हात तसाच पुढे. दारातून त्रिनबाई ओरडल्या की कॉफी गार होतेय, रींक, तुझा आकडा सांगून टाक एकदाचा. काका, त्या क्षणी मला चिठ्ठी काढून वाचायची होती, एवढंच. पण अर्धा तास टाळ्यांत उभ्या राहिलेल्या माणसाचा हात खिशाकडे जात नाही. मी म्हणालो "एकतीस हजार पाचशे", वित्सेच्या हातावर सणकून टाळी दिली, आणि हात तिथेच राहिला. वित्सेनं माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्यानं तो घट्ट धरला. हेस्सेल टोपी काढून हळूहळू चालत आला आणि त्यानं आपला हात आमच्या दोघांच्या हातांवर ठेवला.

"अर्धी माझी आहे, तेव्हा माझाही हात," तो म्हणाला.

"हा घेतोय?" वित्सेनं विचारलं. मला नाही, हेस्सेलला.

"हात धरलाय की त्यानं."

मी म्हणालो की मी किंमत सांगितली, मशीन घेतली नाही. त्यावर हेस्सेल शांतपणे म्हणाला, "किंमत तोंडानं सांगतात, रींक. टाळी कशाला दिलीस?" याला उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा. त्रिनबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "विकली. या जेवायला." आणि आम्ही चौघं एका टेबलाला बसलो.

जेवायला राजमा, भाजलेलं डुकराचं मांस आणि बटाटे होते. मी तीनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला की ज्या वस्तूची किंमत करायची ती आपण घ्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे, माझ्या काकांनी घालून दिलेला. तिन्ही वेळा बाईंनी माझ्या ताटात बटाटा वाढला. समोर दोघं भाऊ उजव्या चेनीत ग्रीस भरून ती पुन्हा ताणून द्यायची की तशीच द्यायची, यावर बोलत होते. चक्क बोलत होते! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हेस्सेलला मशीन नकोच होती. केबिनमधल्या बापाच्या खुर्चीत दुसरा भाऊ बसलेला बघवत नव्हता, एवढंच, आणि वित्सेचंही तेच. खुर्ची तिसऱ्याकडे गेली आणि भांडायला काही उरलं नाही. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून चेन ताणली. वित्सेनं ग्रीसगन आपणहून खुंटीला टांगली. हेस्सेलनं तिच्याशेजारी आपली टोपी टांगली. मी गाडीत बसलो तेव्हा त्रिनबाई खिडकीशी आल्या आणि त्यांनी माझा सुजलेला हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही भरले, ते काही हाताच्या दुखण्यानं नाही.

तर काका, जे झालं ते चुकून झालं, हे लक्षात घ्या. मी माझी फी परत पाठवली आहे. आपल्या किंमत करणाऱ्यांच्या संघटनेलाही मी स्वतःच पत्र लिहून कळवलं आहे की हा अपघात आहे, लोभ नव्हे. दिलेली टाळी मागे घेतली तर या गावातच काय, पलीकडच्या तीन गावांत मला कुणी कॉफीला विचारणार नाही, म्हणून घ्यावी लागली. महिन्याभरात गिऱ्हाईक बघून विकून टाकीन. माझा तिच्यात काडीचाही जीव नाही. तुम्ही गुडघ्याला जपा, आणि बंधाऱ्यावरच्या लोकांना त्यांचं काम करू द्या. काकूंना पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक बाबतींत),
रींक

ता. क. मशीन तुमच्या मागच्या कुरणात उभी आहे. फाटकातून जात नव्हती, म्हणून फाटक सध्या कुंपणाला टेकवून ठेवलंय. काकूंचा आंबट ऱ्हुबार्बच्या भाजीचा वाफा पूर्वी होता तिथे नाही. पण माती फार सुंदर उलटली गेली आहे, त्यांनी नवीन काहीतरी लावावं.

दुसरा ता. क. पत्राचं खरं काम राहूनच गेलं. पैसे स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी ठेवलेले होते. निन्केला मी तूर्त सांगितलंय की मशीन तपासणीसाठी आली आहे. आज तिनं विचारलं की तपासणीला विम्याचे कागद माझ्या नावावर कशाला लागतात. तिचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, तुमच्या शब्दावर आहे. ईस्टरला येताच तुम्ही तिच्यासमोर मशीनभोवती एक फेरी मारायची, नेहमीसारखी दातांतून हवा ओढायची आणि म्हणायचं की एकतीस हजार पाचशे म्हणजे अगदी रास्त किंमत. नाटकही करावं लागणार नाही, कारण ती खरोखरच रास्त आहे. कृपा करून ईस्टरच्या आधीच या.

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालून बंद केलं होतं, पुन्हा फोडलं. काका, टाळी दिल्यावर वित्सेचा हात क्षणभर सैल होता. मी ओढला असता तर सुटला असता. ते झाकण गप्प बसलेलं मी पाहिलं होतं ना! एकोणीस वर्षं मी या मशीनींच्या पोटाखाली पडून त्यांचे दात मोजले, पण वर चढून एक बकेट मातीही कधी उचलली नव्हती. शनिवारी तुमच्या कुरणाच्या कडेचा चर साफ केला, चाळीस मीटर, एका दमात. काठ इतका सरळ आला की मी खाली उतरून त्याच्या शेजारून चालत गेलो आणि चालत परत आलो. काल टपाल टाकायला आलेल्या माणसानं विचारलं, केवढ्याला द्याल? मी तिच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिलो, काका, आणि मला एकही आकडा सुचला नाही.