पेंढीवरचा उंदीर

नेदर पेनफर्ड, सोमवार

तीर्थस्वरूप विनिफ्रेड आत्येस, भाचा बार्नबी याचा चिखलाच्या बुटांसकट नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे हवा दमट आहे, म्हणजे तिकडे ते दुखत असणारच, तेव्हा उत्तराची तसदी घेऊ नकोस.

तुला वाटत असेल, मी सफरचंदं तोडायच्या कामावर पोचलो. निघालो होतो खरा. पण खेडं आलं की चर्च येतं आणि दार उघडं दिसलं की मला पुढे जाववत नाही. (शाळेतही उघडं दार दिसलं की असंच व्हायचं, फक्त मी आतून बाहेर जायचो.) आठ दिवसांत एकोणीस चर्चं झाली. एकात दगडी सरदार झोपलाय, पायाशी कुत्रा. सरदाराचं नाक गेलंय, कुत्र्याचं शाबूत आहे. गावात जास्त जीव कुणावर होता ते कळतं. असो. सांगायचं ते असं की, यांतल्या काही चर्चांत दाराशी किटली, बिस्किटं आणि 'वाटसरूंनो, घ्या' अशी चिठ्ठी असते. त्यामुळे शनिवारी इथे शिरलो आणि खिडक्याखिडक्यांत भोपळे, कांदे आणि वेदीपुढे हातभर लांब पाव दिसला, तेव्हा मला वाटलं, आदरातिथ्य म्हणतात ते हे. चिठ्ठी नव्हती, ती वाऱ्याने उडाली असं मी धरून चाललो. पाव गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा आणि विटेसारखा, दात लागेना. पण पेंढीवर कणकेचाच एक उंदीर चढत होता, मनुक्यांच्या डोळ्यांचा. तो निघाला. खाल्ला.

रविवारी सुगीच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसलो (नंतर चहा असतो), तेव्हा कळलं की हा पाव खायचा नसतोच, सुगीच्या सजावटीचा असतो. हेस्टर प्रॉसरबाई, वय एक्याऐंशी, एकेचाळीस वर्षं तो भाजतात आणि सगळं गाव आधी उंदीर शोधतं. उंदीर नव्हता. म्यूरिएल गॉसलिंगबाई (तो पाव भाजायच्या मानावर यांचा पंधरा वर्षं डोळा आहे) सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "राहिला का गं, हेस्टर? असू दे. या वयात व्हायचंच."

"मी लावला होता, म्यूरिएल."

"लावला असशीलच गं. मनातल्या मनात."

पाद्रीबाई म्हणाल्या, मंगळवारच्या बैठकीत हेस्टरचा भार हलका करू. (इथे कुणाचं काही काढून घ्यायचं असलं की भार हलका करतात.)

आणि मी उपाशी दिसलो म्हणून हेस्टरबाई मलाच जेवायला घरी घेऊन गेल्या! मटण वाढता वाढता थांबल्या. "पोरा, डोळ्यांचे मनुके मी निवडून घेतले होते रे. का ते मागच्या वर्षी?" मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी बटाटा वाढला.

रात्री झोपायलाही त्यांनीच जागा दिली. म्हणून आज सकाळी चर्चच्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं. आपल्याकडे तोंडावर कोण बोलतं? जो तो 'फार शांत वाटलं' लिहितो आणि सटकतो. मीही लिहिलं, 'फार शांत वाटलं. शनिवारी उंदीर मी खाल्ला. क्षमा असावी.' वही पावाशेजारी उघडी ठेवली.

तुझा,
बार्नबी

ता. क. (मंगळवार) हेस्टरबाईंनी वाचलं. म्यूरिएलबाईंना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. बैठकीत पावाचं काम हेस्टरबाईंकडेच राहिलं.

ता. क. २ वहीत नाव-पत्त्याचे रकाने असतात. त्यांचं मटण पोटात असताना माझं नाव घालणं बरं दिसेना. तुझं घातलं.

ता. क. ३ गुरुवारच्या बसने हेस्टरबाई तुझ्याकडे येताहेत. रागावलेल्या नाहीत, एकेचाळीस वर्षांत त्यांच्या हातचा उंदीर चाखणारी तू पहिलीच. तुझ्यासाठी नवे सहा उंदीर भाजलेत. त्यांच्यासमोर खा. निव्वळ मीठ आहे, पाणी जवळ ठेव.