सातव्या खुंटीपाशी

इंझोरी,
१९ मे २०२५

प्रिय अंजू,

सप्रेम जयभीम. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे. तू लावलेल्या मिरचीला मी रोज पाणी घालते, जगेल. फोनच केला असता, पण फोनवर माझी गाडी भाजीपाल्याच्या पुढे जात नाही, तुला ठाऊक आहे.

चर अजून उघडेच आहेत. काल सकाळी पाईप टाकायच्या आधी मामाजींनी चरात पाणी सोडून पाहिलं. ते नाल्याकडे जायचं सोडून उतारासाठी ठोकलेल्या सहाव्या आणि सातव्या खुंटीच्या मध्येच साचलं. मामाजी म्हणाले, "पोरीचं गणित चुकलं. आता मंगरूळहून मानूस आनतो. अंजूले म्हना, वही ठेव आता."

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. दुपारी एक भाकर जास्त खाल्ली.

चौदा वर्षं या घरात पाणी कुठून कुठे जाईल, ते मामाजी मला, थोरल्या सुनेला, विचारत. बांध घालायचा असो की पाण्याचा दंड काढायचा, "नीलिमा, पाह्य बरं." मी पाहायची आणि पायाने रेघ ओढायची. मग तू धाकटी सून होऊन आलीस. खालचा चिबड एकर निचरून काढायचा म्हणून पन्नास फुटाला दीड इंच उतार असं वहीत मांडलंस, आणि मामाजी आसेगावच्या पाहुण्यांपर्यंत सांगत सुटले, "आमच्या अंजूच्या हातात लेवल हाये!" माझ्या वाट्याला काय आलं, तर पातळी मोजायच्या, पाण्याने भरलेल्या नळीचं दुसरं टोक. जळून खाक झाले गं मी.

सातव्या खुंटीला तू वरून ओरडून विचारलंस, "ताई, नळीत हवा तं नाही ना?"

हवा असली की नळी खोटी पातळी दाखवते, हे तूच मला शिकवलं होतंस. बुडबुडा माझ्या गुडघ्याजवळ अडकला होता, दोन पेरांएवढा. टिचकी मारली असती तर निघून गेला असता. मी म्हटलं, "नाही." खुंटी दोन इंच वर बसली, आणि चराचा तळही तिथे तेवढाच वर राहिला.

तुझं गणित बरोबर होतं, अंजू.

काल संध्याकाळी मामाजींनी तुला फोनवर झापलं. स्पीकर चालू होता, मी चुलीपाशी होते. तू एवढंच म्हणालीस, "माह्यंच चुकलं असंन, मामाजी." तेव्हापासून घास उतरत नाही.

उद्या मामाजी मानोऱ्याला तुझ्या माहेरी येतायत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. पाकीट चिकटवलेलं नाही. दुसऱ्याची चिठ्ठी वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. हेवा गेला असं मात्र समजू नकोस. तुझी वही दिसली की अजून पोटात दुखतं.

मामाजी, इथवर वाचलंच असेल तर मंगरूळच्या माणसाला नाही म्हणून सांगा. पत्र अंजूच्या हातात द्या आणि तिला सोबत घेऊनच या. नळीचं दुसरं टोक मी धरते.

तुझ्याशी खोटं बोललेली,
नीलिमाताई