डॉक्टरांच्या मागे मारलेली फेरी

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला मी भांडणावर येते. म्हणून लिहायला बसले. शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर कोंबडीच्या पायांचं. हसलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. तुझी आई बरी आहे. मोरीतला नळ एकदाचा गळायचा थांबला. माझा गुडघा आहे तिथेच आहे.

तो रविवार मनातून जात नाही. तुमच्या मोटारसायकल क्लबात घरच्या माणसांना बोलावलं होतं, आणि त्या दिवशीचं भाषण तुझं होतं: मागे माणूस बसवून गाडी कशी चालवायची. गॅरेजमागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा-बिस्किटं, आणि फळ्यावर तू काढलेली दोन गोल डोकी. तू सांगत होतीस, मागचा माणूस म्हणजे पोतं नव्हे. वळणावर तो आपल्याबरोबर कलला नाही तर गाडी दोघांचंही ऐकत नाही. चांगले दाढीवाले बापये माना हलवत होते. तुमच्या क्लबातल्या बेकरीवाल्याची सासू माझ्या कानात म्हणाली, पोरगी मास्तरीण शोभते हो. मी म्हटलं, जीभ माझ्यावर गेलीय, दुसरं काय. ऊर भरून आला होता माझा, पण तसलं काही तोंडावर सांगायची आपल्या घरात पद्धत नाही.

मग पटांगणात ज्यानं त्यानं आपल्या माणसाला मागे घेऊन एक फेरी मारायची होती. तू माझ्यासाठी हेल्मेट आणलं होतंस, अंबाडा मावेल असं शोधून. मी ते घातलं. तू गाडी सुरू केलीस, मानेनं बस म्हणालीस. आणि मला तुझी मनगटं दिसली. काडीसारखी. शेजारी तुमचे अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर, एकटेच गाडीवर होते. बायको आली नव्हती त्यांची. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, डॉक्टर, तुमच्या मागे बसते हो, आमच्या पोरीच्या हातात मी दुधाचं पातेलंसुद्धा देत नाही! सगळे हसले. माझ्या बोलण्यावर लोक हसले की मला चेव येतो. तू आणलेलं हेल्मेट घालून मी परक्याच्या मागे बसले, आणि तू सगळ्यांदेखत रिकामी गाडी धरून उभी राहिलीस.

डॉक्टरांची गाडी म्हणजे काय सांगू! मागे वळून वळून माझ्या कवळीची चौकशी, आणि पुढे खड्डा. फेरी संपवून आले तर तू निघून गेली होतीस.

पुढचं मला बेकरीवाल्यानं पाव देता देता सांगितलं. डोंगरावरच्या सहलीत सगळ्यांच्या पुढे तुझी गाडी राहायची होती, वाट दाखवायला. त्यावर कुणीतरी म्हणालं, जिची आजी तिच्या मागे बसत नाही, तिच्या मागोमाग आपण घाट चढायचा होय? थट्टाच केली मेल्यानं. पण तू ते काम सोडलंस, आणि क्लबही.

तू गाडी घेतलीस तेव्हा शेजारीण म्हणाली होती, पोरीबाळींच्या हाताचा काय भरवसा. मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तिचंच बोलणं मी तिखटमीठ लावून चारचौघांत बोलले. तुझ्या आजोबांनी मला स्कूटरवरून दोनदा गटारात पाडलं, तरी तिसऱ्यांदा मी मुकाट बसले. त्यांची मनगटं कधी बघितली नाहीत. भीती वाटत होती तर तसं सांगायला काय धाड भरली होती मला? माझी भीती झाकायला मी तुझी अब्रू पांघरली. हे रोज भांडी घासताना आठवतं, आणि घासलेलंच भांडं मी पुन्हा घासत बसते.

आता मुद्द्याचं. काल मी बसनं एकटीच तुमच्या क्लबात गेले. त्या खोलीत उभी राहून म्हटलं, चूक पोरीच्या हाताची नव्हती, माझ्या तोंडाची होती. कुणी हसलं नाही, तेच जड गेलं. पुढे राहायचं काम डॉक्टरांनी अजून कुणाला दिलेलं नाही. सहलीला सगळ्यांत पुढे तुझी गाडी आणि तुझ्या मागे मी बसणार, असं मी सांगून आले आहे. भीती गेली असं लिहिणार नाही, खोटं होईल. बसेन मात्र. रविवारी सकाळी सहल निघायच्या वेळी मी पटांगणात येऊन उभी राहीन. तू यावंस म्हणून लिहिलं, पण यायलाच हवं असं नाही. नाही आलीस तर सगळ्या गाड्या माझ्यासमोरून निघून जातील, आणि त्या दिवशी तू जशी सगळ्यांदेखत उभी राहिलीस तशी मीही राहीन. कुणी माझ्या मागे बसा म्हटलं तरी बसणार नाही.

तुझीच,
तोंडानं घात केलेली
आजी