आतोबांचे अकरा सेकंद

आणि आत्या, सिनेमा मी पुसलेला नाही. हे मी तुला फोनवर दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तू फोन ठेवलास आणि त्यानंतर तू फोन उचलतच नाहीस, म्हणून आता कागद घेऊन बसलोय. कागद मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस, कारण मागची बाजू कोरी सोडली आहे आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायला तुला कागद कधी पुरत नाही.

नमस्कार राहिलाच. तो इथे घे, भांडणाच्या मधोमध. गुडघा कसा आहे? मशीनला आठवड्याला तेल घालतेस, गुडघ्याला मात्र नुसत्या शिव्या घालतेस, म्हणून मशीन चालतं आणि गुडघा अडतो. मी मजेत आहे. वजन वाढलं, अक्कल होती तेवढीच आहे (हे तू म्हणणारच होतीस, तुझे कष्ट वाचवले). लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आता मला स्वतःची हत्यारांची पेटी मिळाली आहे. कुलूप अजून मिस्त्रींकडेच असतं, पण पेटी माझी.

आता मूळ खटला. तुझा आरोप असा, की गेल्या वर्षी तुझ्या टॅबवर मी जो सिनेमा घेऊन दिला, तो मीच सुट्टीत आलो तेव्हा माझ्या कुस्त्यांच्या व्हिडिओंना जागा करायला उडवला. अगं, तीन तासांच्या त्या सिनेमात तुला फक्त अकरा सेकंद लागतात, हे मला माहीत नाही का? नायक-नायिका भर रस्त्यात भांडतात आणि त्यांच्या मागून दोन माणसं लांबलचक शिडी घेऊन जातात. त्यातले पुढचे आपले आतोबा. शूटिंगवाल्यांनी पाट्या रंगवायची शिडी मागितली आणि आतोबा म्हणाले, शिडी हवी तर मीही येणार, ती एकटी कुठे जात नाही. लग्नाच्या फोटोत तर ते असे उभे आहेत की फोटोवाल्यानं पिस्तूल रोखलंय जणू. चालणारे, हलणारे आतोबा जगात कुठे उरले असतील तर त्या अकरा सेकंदांत. ते पुसून मी तिथे दोन घामट पैलवान ठेवीन, असं तुला वाटलं तरी कसं? सात वर्षं तुझ्या ताटात जेवलोय मी.

काय झालं ते ऐक. घेताना पडद्यावर दोन बटणं होती. एक 'दोन दिवस भाड्याने' आणि दुसरं 'विकत घ्या'. मी छाती पुढे काढून दुसरं दाबलं. विकत म्हणजे विकत, असा माझा समज. मी सातवीत शाळा सोडली (किंवा शाळेनं मला, त्यावर दोन्ही बाजूंची वेगवेगळी मतं आहेत), पण एवढं मराठी मला येतं. आता तू बटण दाबलंस की 'हा चित्रपट आता उपलब्ध नाही' असं येतं, ते मी नाही केलेलं. ते कंपनीनं केलंय. म्हणजे बघ, तू गिऱ्हाइकाला शिवून दिलेला झगा एका दुपारी त्याच्या कपाटातून काढून आणलास आणि हँगरला चिठ्ठी लावलीस, 'हा झगा आता उपलब्ध नाही'. तुझी गल्लीतून वरात काढतील. कंपनीला मात्र लोक दरमहा पैसे देतात.

तक्रार करायला त्यांच्याकडे माणूस नाही, यंत्र आहे. त्याला लिहायचं आणि ते उत्तर देतं. फार गोड. मी शिडीची सगळी हकीकत लिहिली, आतोबा लिहिले, तू लिहिलीस, गुडघासुद्धा लिहिला. त्यावर ते म्हणालं, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, आणि मला शिड्या असलेले दुसरे सहा सिनेमे सुचवले. त्यातला एक आगीच्या बंबावर होता. मग विचारलं, तुमचं समाधान झालं का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'पूर्णपणे'. मी कुठलंच दाबलं नाही, तर चार मिनिटांनी त्यानंच माझ्या वतीनं 'पूर्णपणे' दाबलं आणि आभार मानले.

माझा खोलीतला जोडीदार (त्याला आम्ही 'उद्या' म्हणतो, कारण चादर धुण्यापासून लग्नापर्यंत सगळं तो उद्या करणार आहे) म्हणाला, यंत्राच्या कशाला नादी लागतोस, जुन्या मालाच्या दुकानात डीव्हीडी मिळेल. मिळाली! दुकानदाराकडून डीव्हीडी लावायचा डबाही उसना आणला, खोलीतल्या सगळ्यांना बोलावलं, एकुलत्या खुर्चीवर शिडीचा मान म्हणून कुणालाच बसू दिलं नाही, आणि लावली तर पडद्यावर अक्षरं आली, 'ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही'. दुसऱ्याच कुठल्या मुलखासाठी बनवलेली निघाली, तुझ्याकडेही चालली नसती. आत्या, मीसुद्धा या प्रदेशातला नाही. मला इथली थंडी चालत नाही, जेवण चालत नाही, बोलणं निम्मं कळत नाही, तरी मी रोज बारा तास चालतो. त्या बोटभर जाडीच्या डब्याला मात्र नखरे.

मग उद्या म्हणाला, आता चोरीचाच बघ. खोटं सांगत नाही, बघितला. पैसे भरून घेतलेली वस्तू चोरून बघायची वेळ माझ्यावर आली, याची नोंद देवाच्या दारी कंपनीच्या नावावर व्हावी. तो कुणीतरी थिएटरात मांडीवर कॅमेरा ठेवून उतरवलेला. दीड तास नीट चालला, लोक खोकत होते तेही ऐकू येत होतं. रस्त्यातलं भांडण सुरू झालं, मी उद्याचा दंड घट्ट धरला, शिडीचं टोक दिसलं मात्र, पुढच्या रांगेतला एक जाडा माणूस उठला आणि बाहेर निघाला. सावकाश, आजूबाजूच्यांच्या गुडघ्यांची माफी मागत. तो गेला तेव्हा शिडीही गेली होती. एवढ्या वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला लघवी लागली नसती तर आज आपलं भांडण नसतं.

आणि नेमकी दुसऱ्या आठवड्यात आमची ड्युटी लागली ती बावीस मजल्यांच्या इमारतीत. खालच्या फलकावर नावं वाचत होतो तर पंधराव्या मजल्यावर तीच! आपली सिनेमावाली कंपनी! मला असा आनंद झाला की पेटी मिस्त्रींच्या पायावर ठेवली. (पाय खाली होता हे मागाहून कळलं.) पण वर जाऊन भांडायचं कसं? दारावर पहारेकरी, गळ्यात पट्टा नसलेल्याला तो आत सोडत नाही. मी गपचूप काम करत राहिलो.

आता झालं ते माझ्या चुकीनं झालं, पण ही चूक करायला सुद्धा लिफ्टवालाच लागतो. लिफ्टच्या टपावर तपासणीचं एक बटण असतं. ते दाबलेलं असेल तोवर लिफ्ट फक्त टपावरच्या माणसाचं ऐकते. काम झालं की ते सोडवायचं आणि मगच लोकांना आत घ्यायचं, हे मिस्त्री मला रोज दोनदा सांगतात. त्या दिवशी मी बटण सोडवलं, पण अर्धवट. लिफ्ट चालून बघायला आत शिरलो, माझ्यामागून कागदांचा गठ्ठा घेतलेली एक बाई शिरली, आणि नवव्या-दहाव्याच्या मध्ये ते बटण परत बसलं. लिफ्ट टपावरच्या माणसाच्या हुकमाची वाट बघत थांबली, आणि टपावरचा माणूस, म्हणजे मी, आत. मिस्त्री जेवायला गेले होते आणि जेवताना ते फोन घेत नाहीत, हे तत्त्व आहे त्यांचं.

बाईच्या गळ्यातल्या पट्ट्यावर वाचलं तर कंपनीची वकील! आत्या, माझी अवस्था काय सांगू. ज्यांच्या दारात उभं राहता येत नव्हतं त्यांच्यातलं माणूस चाळीस मिनिटं माझ्यासमोर, दार बंद, आणि किल्ली माझ्या खिशात, जी आतून लागत नाही. मी शिडीपासून सुरुवात केली. ती आधी म्हणाली, "तू हे मुद्दाम केलंस का?" मी म्हटलं, "बाई, मुद्दाम करायला जमलं असतं तर मिस्त्रींनी माझा पगार वाढवला असता." मग तिनं समजावून सांगितलं, शांतपणे, की मी सिनेमा विकत घेतलाच नव्हता. मी सिनेमा बघण्याची परवानगी विकत घेतली होती, आणि ती कंपनीला असलेली परवानगी संपेपर्यंतची होती. सिनेमा काढणारा वारला, त्याच्या तीन मुलांत मालकीवरून कोर्टात जुंपलीये, म्हणून कंपनीची परवानगी संपली, म्हणून माझी संपली, म्हणून तुझी. हे सगळं मी मान्य केलं होतं म्हणे, त्रेचाळीस पानांच्या कागदावर, 'वाचले' म्हणून खूण करून. मी म्हटलं, मग तुम्हीही या लिफ्टनं खाली जात नाही आहात, तुम्ही लिफ्टमध्ये उभं राहण्याची परवानगी घेतली आहे, आणि खाली जाण्याबद्दल आमच्या तिघा भावांत वाद चालू आहे.

ती इतकी हसली की गठ्ठा सुटून कागद लिफ्टभर झाले. दोघांनी गुडघ्यावर बसून गोळा केले. गोळा करताना तिनं सांगितलं, की तिनं स्वतः पैसे मोजून घेतलेली चारशे गाणी दुसरी एक कंपनी बुडाली तेव्हा एका सकाळी गेली, आणि तिनं तक्रार केली तर त्या कंपनीच्या वकिलानं तिला तेच वाक्य ऐकवलं जे ती आत्ता मला ऐकवत होती. "शब्दसुद्धा तेच," म्हणाली, "आम्ही सगळे एकाच नमुन्यावरून लिहितो." मग विचारलं, किती सेकंदांचं काम आहे तुझं? मी म्हटलं अकरा. ती म्हणाली, विकायला बंदी आहे, कंपनीनं आपल्या खोलीत तपासायला नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मला पंधराव्या मजल्यावर नेलं. पहारेकऱ्याच्या वहीत कारण लिहिलं, 'तांत्रिक तपासणी'. बारा खुर्च्यांची खोली, भिंतभर पडदा, आणि फोन बाहेर टोपलीत ठेवायचा. सिनेमा लागला. भांडण आलं. शिडी आली आणि गेली. आतोबा पुढे, टोपी घालून, ताठ मानेनं. सगळं जिथल्या तिथे आहे, एक सेकंद कमी झालेला नाही, तेव्हा सिनेमा गेल्यापासून घेतेस ती झोपेची गोळी बंद कर आणि माझ्यावरचा आरोप मागे घे. बाकी सगळं क्षेम. शेजारणीला माझा नमस्कार सांग, तिच्या मुलाला सांगू नकोस.

तुझा, कधीही काहीही न पुसलेला,
भाचा

ता. क. अर्धवट बटणाबद्दल मिस्त्रींनी माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. मी म्हटलं, बटण अर्धं तर सोडवलं होतं. म्हणून अर्धाच कापला, म्हणाले.

ता. क. दुसरा. आत्या, वर एक गोष्ट मी खोटी लिहिली. चार दिवस पत्र उशाशी ठेवून झोपतोय, पण पाठवायच्या आधी लिहायलाच हवी. टॅबचा पडदा भरावा म्हणून कंपनी सिनेमाच्या कडा कापते, हे मला वकीलबाईनं सांगितलं. भिंतीवर मात्र अख्खं चित्र होतं, कडांसकट. त्यात पुढचा टोपीवाला एवढा मोठा दिसला की त्याच्या हनुवटीवरचा तीळ मोजता आला. आतोबांना तीळ नव्हता. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, पण त्यांच्या खांद्यावर बसून हनुवटीला धरूनच मी गल्ली फिरलोय. ते पुढे नव्हते गं. 'मी पुढे होतो' असं त्यांनी तुला थाप मारून सांगितलं, आणि तू थिएटरात टाळ्या वाजवल्यास त्या दुसऱ्याच कुणाला. मला वाटतं ते मागे होते, टॅबवर कापलेल्या कडेत. पुढचा माणूस निघून गेल्यावर मागचा त्या कडेला दोन सेकंद एकटा उरतो. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही अशी ताकीद असणार, पण तो मान वळवून सरळ बघतो आणि खालचा ओठ दातांत धरून हसतो. मी खुर्चीतून उठलो. मी न सांगताच वकीलबाईनं मागे घेऊन परत लावलं. सहा वेळा.

ता. क. तिसरा. तरी माझी खात्री नाही. हे ओळखणारं माणूस जगात एकच आहे आणि ते फोन उचलत नाही. अठ्ठावीस तारखेला कंपनीला ती प्रत कोर्टात जमा करावी लागणार आहे, मग तीन भावांचं भांडण मिटेपर्यंत ती कुणालाच दिसणार नाही. वकीलबाई म्हणाली, त्याच्या आधी कुठल्याही गुरुवारी आत्याला आण, वहीत 'तांत्रिक तपासणी, दोन व्यक्ती' असं लिहीन. गाव सोडून कुठे जाणार नाही म्हणतेस ते मला पाठ आहे. लिफ्टची भीती धरू नकोस, त्या दिवशी टपावर मिस्त्री स्वतः उभे राहणार आहेत. शिवणकाम चार दिवस थांबेल, लोक उघडे फिरणार नाहीत. गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट, स्टेशनपर्यंतची रिक्षा, आणि निघण्याआधी चष्म्याचा नवा नंबर काढून घ्यायचे सहाशे, असं सगळं मिळून आजच पाठवतोय, सात हजार नऊशे पन्नास.