चार सिलिंडरच्या इंजिनाची साक्ष

मी, मच्छिंद्र रामकिसन शेजूळ, वय एकाहत्तर, धंदा मोटार मिस्त्री, मूळ गाव धावडा, तालुका भोकरदन, हल्ली राहणार हायवेलगत, वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते आज राजीखुशीने लिहून ठेवतो. काल डॉक्टरांनी तपासलं. हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. कुणाचा दाब नाही, नशापाणी नाही. राग आहे. पण रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे वकील रजनीताईंना विचारून घेतलं आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. हायवेवरचं गॅरेज, मागच्या दोन खोल्या आणि पुढचं स्पेअर पार्टचं दुकान, ही माझ्या कष्टाची मिळकत माझी मुलगी बेबीनंदा हिला द्यावी. नवऱ्याने टाकल्यापासून चौदा वर्षं ती दुकान चालवते. गाडीचा आवाज ऐकून ती बेअरिंग काढून ठेवते, तोवर ड्रायव्हर खाली उतरलेलाही नसतो. माझा मुलगा बद्रीनाथ याला ही जागा ढाब्यासाठी विकायची आहे. तोंडाने तो बोलला नाही, पण दिवाळीला टेप घेऊन मोजून गेला. हा कागद टिकला नाही तर निम्मी जागा त्याची होईल, दुकान मोडेल आणि बेबीनंदा रस्त्यावर येईल. म्हणून हा कागद टिकला पाहिजे.

कलम २. धावड्याची दोन एकर जमीन मी विकत घेतलेली आहे, ती बद्रीनाथला. तो पुण्यात महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. सासरच्यांना त्याने वडील शेतकरी असल्याचं सांगितलं आहे. जमीन मिळाली की निदान अर्धं तरी खरं होईल.

कलम ३. सगळे पाने, जॅक, इंजिन उचलायची चेनकप्पी बेबीनंदाला. कप्पीला दर महिन्याला तेल द्यावं. ती मी आणि माझा तेव्हाचा भागीदार तातेराव याने मिळून घेतली होती. त्याचा वाटा मी त्याला पोचता केला आहे, म्हणून कप्पीवर आता त्याचा हक्क नाही.

कलम ४. गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर चार सिलिंडरचं जपानी इंजिन आहे. ते विकायचं नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण कोर्टात मला कुणी सविस्तर बोलू दिलं नाही.

जालन्याचे सरकीचे व्यापारी मार्तंडराव यांच्याकडे सहा सिलिंडरची विलायती गाडी होती. हिरव्या बाटलीच्या रंगाची, आत चामड्याच्या गाद्या. लिटरला पाच किलोमीटर जायची. सन १९८६ मध्ये ते मला म्हणाले, "मिस्त्री, गाडीची शान बराबर राह्यली पाह्यजे, खर्चा निम्मा झाला पाह्यजे. अन् लोकायला पत्ता लागू द्यायचा न्हाई. तुम्ही, मी अन् हा तातेराव, बस."

तातेराव माझ्याच गावचा. बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो.

मुंबईच्या जुन्या बाजारातून मी हे इंजिन आणलं. वजनाला निम्मं, वर टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा छोटा पंखा. मोठं इंजिन काढल्यावर गाडीचं नाक हलकं झालं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग तीनदा कापून तीनदा जोडलं. एकवीस दिवस लागले. त्यानंतर ती गाडी अंबडहून जालन्याला अठरा मिनिटांत गेली, पूर्वी बावीस लागायची. लिटरला अकरा किलोमीटर दिले. आयुष्यात याहून चांगलं काम माझ्या हातून झालं नाही.

माझ्या गॅरेजचा एक रिवाज आहे. गाडीच्या मालकाने स्वतः नारळ फोडल्याशिवाय दुसरं इंजिन आत उतरवायचं नाही. मार्तंडरावांनी स्वतःच्या हाताने नारळ फोडला, इंजिनाला कुंकू लावलं. ताट तातेरावाने धरलं होतं. जुनं इंजिन त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं. आरसी बुकात इंजिनाचा नवा नंबर चढवू म्हटलं तर हसून म्हणाले, "गावभर बोभाटा करता का?" मी गप्प बसलो. इथे मी चुकलो. नारळाची पावती नसते.

सन १९८९ मध्ये त्यांनी ती गाडी सहा सिलिंडरची म्हणून औरंगाबादच्या एकाला विकली. त्याने बॉनेट उघडलं, नंबर ताडून पाहिला, पोलिसांत गेला. मार्तंडराव भर चौकीत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इंजिन यानं चोरलं." मी नऊ दिवस कोठडीत होतो. मी पोलिसांना एकच सांगत राहिलो, तातेरावाला विचारा. त्यांनी विचारलं. तातेराव माझ्यासमोर म्हणाला, "मला काही ठावं न्हाई साहेब. मी त्या दिवशी गावाकडं गेल्तो."

चार वर्षांनी पुराव्याअभावी सुटलो. पुराव्याअभावी सुटलेला माणूस लोकांच्या लेखी चोरच असतो. माझी बायको साळूबाई बाजाराला जायची तर बाया पिशवी काखेत धरायच्या. बद्रीनाथ शाळेतून शर्ट फाडून यायचा. ती त्यातच गेली, आणि तो मनातून गेला.

कोर्टाने गाडी त्या गिऱ्हाइकाला दिली, त्याने हे इंजिन माझ्या दारात आणून टाकलं. अजून एका चावीत सुरू होतं. दर खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेनंतर, बेबीनंदाने ते पाच मिनिटं चालवावं. मागच्या दिवाळीला टेप गुंडाळता गुंडाळता बद्रीनाथ म्हणाला, "आबा, आता भारीच्या गाडीत लहान इंजिन येऊन राह्यलं. टर्बोवालं. मोठ्याच्या पुढं पळतं अन् पेट्रोल कमी. लोक लाख-लाख जादा मोजून राह्यले." मी विचारलं, "त्यायला कुणी चोर म्हणत न्हाई का?" तो मोबाईलकडे बघत बसला.

कलम ५. मार्तंडराव हयात आहेत. माझ्या दहाव्याला त्यांच्या दारात एक नारळ ठेवावा. फोडू नये. काही बोलूही नये.

कलम ६. तातेराव गणपत बोराडे. याला मी काहीही देत नाही. माझ्या अटकेनंतर दोन महिन्यांनी तो मार्तंडरावांच्या कारखान्यात मुकादम झाला, राहायला खोलीही मिळाली. त्याच्या घरात तीन लेकी लग्नाच्या होत्या. मार्तंडरावांनी नोकरी पुढे करून त्याचं तोंड बंद केलं असणार, आणि चालून आलेली नोकरी गरीब माणूस नाकारत नाही, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलो. एवढ्या एका गोष्टीमुळे तो माझ्या मनातून पुरता उतरला नाही. उतरला असता तर बरं झालं असतं, कारण मला त्याची रोज आठवण येते.

रजनीताई म्हणाल्या, साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. तातेरावाला काही मिळणार नाही. म्हणून दुसरा साक्षीदार तोच. त्याने हा कागद पहिल्या ओळीपासून वाचावा, खरं असेल तर सही करावी. त्याने नाही म्हटलं तर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही, मग कागद रद्द झाला तरी चालेल. रजनीताई म्हणाल्या, हा जुगार आहे. मी बेबीनंदाला विचारलं. ती म्हणाली, "आबा, त्यायचीच सही घ्या. दुकान राह्यलं तर राह्यलं. पर इंजिनचोराची पोरगी म्हणून मला गल्ल्यावर बसायचं न्हाई."

वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला आहे. वाचून घेतला, बरोबर आहे.

ठिकाण: वडीगोद्री
तारीख: १४ ऑक्टोबर २००८

सही: मच्छिंद्र रामकिसन शेजूळ

साक्षीदार पहिला: डॉ. मुकुंद अंबेकर, अंबड. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर झाली. कागद दोनदा वाचला. नारळ मालकानंच फोडला, ताट माझ्या हातात व्हतं. मी गावाकडं गेलो नव्हतो. सगळं बराबर हाये, फक्त कलम सहात एक चूक हाये. मालकानं मला नोकरी देतो म्हणलं नव्हतं. जबानीच्या आदल्या दिवशी मीच त्यायच्या घरी गेल्तो, मागायला.
तातेराव गणपत बोराडे