पैकीच्या पैकी

चि. धाकट्यास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

मी वृद्धाश्रमात खुशाल आहे. फाटकास सदैव कुलूप असल्याने शांतता असते. तुझा गुडघा कसा आहे?

परवा मनाची चिंता-उदासी मोजणाऱ्या बाई आल्या होत्या. "आजोबा, रडू येतं? घरी जावंसं वाटतं?" असे त्यांनी विचारले. परक्या बाईंपुढे रडगाणे कसले गावे? मी ताठ बसून प्रत्येक प्रश्नास "मुळीच नाही" असे उत्तर दिले. शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले, "पैकीच्या पैकी मिळवलेत की हो."

त्यावरून माझ्या मुलास कळवण्यात आले की, वडील येथे रमले आहेत. मला घरी नेण्याचा बेत त्याने रद्द केला.

तरी तू त्यास सांगावेस की, दादावाचून तुला करमत नाही. हे मी सुचवले, असे मात्र बोलू नये.

तुझा,
दादा